फेरुमॉक्सट्रान-१० : गुण होता, मंजुरी मिळाली नाही

प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं की डॉक्टरांपुढचा पहिला मोठा प्रश्न असतो, आजार प्रोस्टेटमध्येच थांबलाय की ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलाय? पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. ऑपरेशन करायचं की नाही, रेडिएशन किती भागाला द्यायचं, हार्मोनची इंजेक्शनं किती काळ चालू ठेवायची, सगळंच. आणि हे उत्तर शोधायला कित्येक वर्षं रेडिओलॉजिस्टच्या हातात मोजपट्टीखेरीज फारसं काही नव्हतं. सीटी किंवा साध्या एमआरआयवर ग्रंथी शोधायची आणि तिची आडवी रुंदी मोजायची. गोल ग्रंथी ८ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा लांबट ग्रंथी १० मिलिमीटरपेक्षा, तर संशय घ्यायचा. त्याच्या आतली असेल तर 'नॉर्मल' लिहायचं.

या मोजपट्टीची अडचण उघड आहे. कॅन्सरच्या पेशी ग्रंथीत शिरल्या म्हणून ग्रंथी लगेच फुगत नाही. ५-६ मिलिमीटरच्या, दिसायला अगदी सरळ ग्रंथीत आजार घर करून बसलेला असू शकतो. उलट साध्या जंतुसंसर्गानेही ग्रंथी मोठी होते. म्हणजे आकार पाहून दोन्ही बाजूंनी फसगत होते.

ही फसगत दूर करू पाहणाऱ्या एका चुंबकीय नॅनोकणाचं हे प्रकरण आहे. त्याचं शास्त्रीय नाव फेरुमॉक्सट्रान-१०. अमेरिकेत तो काँबिडेक्स आणि युरोपात सिनेरेम या नावाने बाजारात यायचा होता. वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात त्याचे आकडे छापून आले, तरी दोन्हीकडे त्याला मंजुरी मिळाली नाही. असं का झालं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कोणी एक खलनायक सापडत नाही.

कण आणि त्याचं काम

मध्यभागी लोहाच्या ऑक्साइडचा सुमारे ५ नॅनोमीटरचा गाभा आणि त्याभोवती डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्यांचं दाट आवरण. आवरणासकट कणाची जाडी ३० नॅनोमीटरच्या आसपास. लोहाचा स्फटिक इतका लहान झाला की त्याचं चुंबकत्व एका खास तऱ्हेने वागतं. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत तो जोरदार चुंबक असतो, आणि क्षेत्र काढून घेतलं की उष्णतेच्या हालचालीनेच त्याची दिशा सतत पालटत राहते, चुंबकत्व शिल्लक उरत नाही. शरीरात सोडायच्या कणासाठी हे मोलाचं आहे, कारण असे कण रक्तात एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत. रुग्ण एमआरआय यंत्रात गेला की मात्र प्रत्येक कण आपल्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र विस्कटून टाकतो. शेजारच्या पाण्यातले हायड्रोजनचे अणुकेंद्रक एका तालात फिरेनासे होतात, त्यांचा संकेत विझतो आणि चित्रात ती जागा काळी पडते.

इथे आकाराला फार महत्त्व आहे. याच घराण्यातलं फेरिडेक्स हे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये यकृताच्या तपासणीसाठी मंजूर झालं होतं. त्याचे कण बरेच मोठे, म्हणून यकृतातल्या भक्षक पेशी ते काही मिनिटांतच गिळून टाकत. फेरुमॉक्सट्रानचे कण लहान आणि दाट आवरणाचे, त्यामुळे यकृताच्या तावडीतून सुटून ते रक्तात दीर्घकाळ फिरत राहतात. रक्तातलं त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायलाच एक दिवस किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. या काळात ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून हळूहळू पाझरतात, ऊतींमधल्या द्रवात मिसळतात आणि लसिका वाहिन्यांमधून ग्रंथींत पोचतात. तिथे राखणीला बसलेल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्यांना गिळतात.

आता यातली खरी मेख. निरोगी ग्रंथी मॅक्रोफेजनी भरलेली असते, म्हणून ती लोह गोळा करते आणि काळी पडते. ज्या भागात कॅन्सरने बस्तान मांडलंय तिथल्या मूळ पेशी हटलेल्या असतात, लोह गिळायला कोणी नसतं, म्हणून तो भाग आधी होता तसाच उजळ राहतो. म्हणजे हे औषध ट्यूमरला चिकटत नाही, ते निरोगी ऊतीला चिकटतं. ट्यूमर दिसतो तो लोहाच्या गैरहजेरीमुळे. या उलट्या तर्कातच औषधाची ताकद होती, आणि पुढे त्याला जो त्रास झाला त्याचं मूळही माझ्या मते इथेच आहे.

प्रत्यक्ष तपासणी अशी होई. औषध कोरड्या भुकटीच्या रूपात यायचं. ते सलाइनमध्ये विरघळवून, पातळ करून, सुमारे अर्ध्या तासात शिरेतून सावकाश सोडायचं. प्रमाण वजनाच्या दर किलोमागे २.६ मिलिग्रॅम लोह, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण १८२ मिलिग्रॅम. रक्तदानाच्या एका पिशवीत याहून जास्त लोह असतं, आणि हे लोह शेवटी शरीराच्या नेहमीच्या साठ्यातच जमा होतं. मग रुग्णाने घरी जायचं आणि २४ ते ३६ तासांनी एमआरआयला परत यायचं.

आता पडद्यावर काय दिसतं ते पाहू. ओटीपोटाच्या आडव्या छेदात, मांडीकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला लागून ६ मिलिमीटरची एक ग्रंथी आहे. साध्या चित्रात ती राखाडी ठिपक्यासारखी, शेजारच्या चार ग्रंथींहून काहीच वेगळी नाही. लोह दिल्यानंतरच्या चित्रात शेजारच्या चारही ग्रंथी काळ्या ठिक्कर झालेल्या असतात. ही मात्र अर्धीच काळी. एका कडेला दोन-तीन मिलिमीटरचा उजळ तुकडा तसाच राहिलेला. मोजपट्टी हिला निर्दोष म्हणाली असती. वाचणाऱ्याची कसोटी पुढे लागते, कारण ग्रंथीच्या मध्यातली चरबीही उजळ दिसते, जुन्या सुजेचा व्रणही उजळ दिसतो आणि हात थोडा हलका पडला तर निरोगी ग्रंथीवर कॅन्सरचा शिक्का बसतो. म्हणून चरबीचा संकेत वेगळा ओळखणारी चित्रं सोबत घ्यावी लागत आणि वाचणाऱ्याला बरीच तालीम लागे.

२००३ चा अभ्यास

या जातीच्या अतिसूक्ष्म कणांचं वर्णन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने १९९० मध्येच प्रसिद्ध केलं होतं. औषध बनवणारी कंपनी अ‍ॅडव्हान्स्ड मॅग्नेटिक्स, तीही बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजची. जून २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ज्या निबंधाने सगळ्यांचं लक्ष वेधलं तो बॉस्टन आणि नेदरलँड्समधलं निमेगन यांचा एकत्रित होता. पहिलं नाव मुकेश हरिसिंघानी यांचं, निमेगनकडून येले बारेंट्स आणि शेवटी वाइसलेडर.

प्रोस्टेट कॅन्सरचे ८० रुग्ण. त्यांच्या ३३४ ग्रंथी ऑपरेशनने किंवा सुईने काढून पॅथॉलॉजिस्टने तपासल्या. त्यांपैकी ३३ रुग्णांच्या ६३ ग्रंथींत कॅन्सर निघाला. यातल्या ४५ ग्रंथी, म्हणजे दहातल्या सात, आकाराच्या नेहमीच्या निकषात बसतच नव्हत्या. साध्या एमआरआयने कॅन्सरच्या ग्रंथींपैकी ३५.४ टक्के पकडल्या, लोहकण दिल्यावर ९०.५ टक्के. आणि ग्रंथी बाधित असलेला एकही रुग्ण नव्या पद्धतीतून निसटला नाही.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, ५ मिलिमीटरपेक्षाही लहान ग्रंथींत या पद्धतीची पकड बरीच सैल होत होती. दुसरी, काम दोनच केंद्रांचं होतं, आणि तिथली माणसं या चित्रांत मुरलेली होती. इतरांच्या हाती हीच ताकद टिकेल का, हे त्यातून कळत नव्हतं.

ते पाच वर्षांनी कळलं. २००८ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निमेगनच्याच पुढाकाराने झालेला मोठा अभ्यास आला. ११ रुग्णालयं, ३७५ रुग्ण. मला या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक आकडा हाच वाटतो, कारण तो रोजच्या दवाखान्यांतला आहे. ६१ रुग्णांच्या ग्रंथींत कॅन्सर होता. सीटीने त्यांतले २१ ओळखले, लोहकणांच्या एमआरआयने ५०. दुसऱ्या बाजूला, ज्या ३१४ जणांच्या ग्रंथी स्वच्छ होत्या त्यांपैकी सीटीने ११ जणांवर खोटा संशय घेतला आणि एमआरआयने २३ जणांवर. म्हणजे पकड वाढली तशा खोट्या घंटाही वाढल्या. पण ज्याचा अहवाल 'ग्रंथी स्वच्छ' आला त्याच्या ग्रंथी खरोखर स्वच्छ असण्याची खात्री सीटीत ८८ टक्के होती, ती इथे ९६ टक्क्यांवर गेली. ओटीपोटातल्या ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन सोपं नाही. लसिका साचते, पाय सुजतात. अशा ऑपरेशनपासून एखाद्याला वाचवायचं की नाही हे ठरवताना ८८ आणि ९६ यांच्यातलं अंतर फार मोठं असतं.

प्रश्न फार मोठा विचारला

तोपर्यंत मंजुरीची दारं बंद होत आली होती. कंपनीने अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, १९९९ मध्येच अर्ज केला होता. २००० साली उत्तर आलं की औषध मंजूर होण्याजोगं आहे, पण आणखी माहिती द्या. ती जमवून कंपनी २००४ मध्ये परत गेली आणि ३ मार्च २००५ रोजी कॅन्सरच्या औषधांची सल्लागार समिती बसली. मतदान झालं, १५ विरुद्ध ४. बहुमत मंजुरीच्या विरोधात.

समितीपुढे प्रश्न काय होता ते इथे कळीचं आहे. कंपनीने परवानगी प्रोस्टेट कॅन्सरपुरती मागितली नव्हती. लसिका ग्रंथींत पसरण्याचा धोका असलेल्या कोणत्याही कॅन्सरच्या रुग्णात, बाधित आणि अबाधित ग्रंथी वेगळ्या ओळखायला मदत, असा सरसकट वापर तिला हवा होता. स्तन, डोकं-मान, मूत्राशय, सगळं त्यात आलं. पुरावा मात्र सगळीकडे सारखा नव्हता. प्रोस्टेटसाठी भक्कम, बाकीच्या कित्येक कॅन्सरसाठी मूठभर रुग्ण.

आणि ही कागदोपत्री उणीव नव्हती, तिला शरीरशास्त्राचा आधार होता. औषध निरोगी मॅक्रोफेजना रंगवतं, म्हणजे ग्रंथीची मूळ अवस्था कशी आहे यावर चित्र अवलंबून. मानेतल्या ग्रंथी घशातल्या-दातांतल्या संसर्गांनी वर्षानुवर्षं पेटत-विझत आलेल्या असतात. काखेतल्या ग्रंथींत चरबी जास्त, म्हणजे उजळ भाग आधीच असतो. ओटीपोटातल्या ग्रंथीचं चित्र वाचायचा नियम जसाच्या तसा तिथे लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय स्तनाच्या कॅन्सरमध्ये एव्हाना सेंटिनेल नोड बायोप्सी रुळली होती. काखेतली पहिली ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय असताना तिथे नव्या स्कॅनची गरज तितकी निकडीची नव्हती. गरज निकडीची होती ती प्रोस्टेटमध्ये, जिथे ग्रंथी खोल आणि विखुरलेल्या असतात.

सुरक्षिततेचाही मुद्दा निघाला. आधीच्या चाचण्यांत औषध पातळ न करता एकदम टोचलेल्या एका रुग्णाचा तीव्र अ‍ॅलर्जीने मृत्यू झाला होता. सावकाश सोडायची पद्धत त्या मानाने सुरक्षित मानली जात होती. पण निदानाच्या औषधाला धोक्याची मुभा फार कमी मिळते, आणि ती कमीच मिळायला हवी. केमोथेरपीचे दुष्परिणाम आपण सोसतो ते बरं होण्याच्या बदल्यात. स्कॅनच्या बदल्यात मिळते ती माहिती.

माझं मत स्पष्ट आहे. समितीने त्या दिवशी जो प्रश्न समोर होता त्याचं उत्तर बरोबर दिलं. चूक प्रश्न मांडण्यात झाली. प्रोस्टेट कॅन्सर, ओटीपोट, ऑपरेशनपूर्वीची तपासणी एवढाच दावा घेऊन, त्याच्यापुरता बहुकेंद्री अभ्यास आधी पुरा करून कंपनी गेली असती तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता बरीच होती. ३७५ रुग्णांचा डच अभ्यास नेमका तसा होता, पण तो अमेरिकेतल्या मतदानानंतर तीन वर्षांनी छापून आला.

युरोपात गेर्बे या फ्रेंच कंपनीने सिनेरेमसाठी २००६ च्या अखेरीस अर्ज केला आणि वर्षभरात, डिसेंबर २००७ मध्ये, मागे घेतला. सादर केलेल्या अभ्यासांतून फायदा पुरेसा सिद्ध होत नाही, असं युरोपीय समितीचं म्हणणं होतं.

लोह दुसऱ्या दाराने आलं

अ‍ॅडव्हान्स्ड मॅग्नेटिक्सने २००७ मध्ये नाव बदलून एएमएजी फार्मास्युटिकल्स केलं आणि लक्ष दुसरीकडे वळवलं. जून २००९ मध्ये तिच्या फेरुमॉक्सिटॉलला एफडीएची मंजुरी मिळाली. तोही शर्करेच्या आवरणातला लोह ऑक्साइडचा नॅनोकणच, पण मंजुरी कशासाठी? मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात होणाऱ्या लोहाच्या कमतरतेवर उपचार म्हणून. रक्त वाढवणारं औषध रुग्णाला पुन्हा पुन्हा लागतं, स्कॅनचं औषध एखाद्याच वेळी. कंपनीच्या हिशेबात या फरकाला वजन असणारच. त्याच सुमारास फेरिडेक्सचं उत्पादनही थांबलं. गॅडोलिनियम या धातूवर आधारित यकृताचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात भाग उठून दिसावा म्हणून टोचायचं औषध, बाजारात आलं होतं आणि ते देऊन लगेच, एकाच बैठकीत चित्रं घेता येत होती.

फेरुमॉक्सिटॉल आज बऱ्याच ठिकाणी एमआरआयसाठीही वापरतात, विशेषतः मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांत. २००६ पासून गॅडोलिनियमचा संबंध अशा रुग्णांतल्या कातडी कडक करणाऱ्या गंभीर विकाराशी जोडला गेला आणि लोहाकडे पुन्हा लक्ष गेलं. पण फेरुमॉक्सिटॉलचा हा वापर बरीच वर्षं मंजुरीच्या चौकटीबाहेरचाच होता, आणि २०१५ मध्ये एफडीएने तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला.

निमेगनने मात्र फेरुमॉक्सट्रान सोडलं नाही. रॅडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयात बारेंट्स आणि त्यांचे सहकारी यांनी औषध पुन्हा बनवून घेण्याची व्यवस्था केली आणि गेल्या दशकात तिथे तपासणी परत सुरू झाली. परदेशातून रुग्ण त्यासाठी निमेगनला जाऊ लागले. ७ टेस्लाच्या ताकदवान एमआरआयवर आणखी लहान ग्रंथी पाहण्याचंही काम झालं. आणि एसपीएल मेडिकल या डच कंपनीने फेरोट्रान या नव्या नावाने युरोपात तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेतली, ती प्रोस्टेट कॅन्सरपुरतीच.

आता पीएसएमए आहे, मग लोह कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. दरम्यान पीएसएमए पेट स्कॅन आला. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला किरणोत्सारी खूण चिकटवायची आणि ती कुठे चमकते ते पाहायचं. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये गॅलियमची किरणोत्सारी खूण वापरणाऱ्या पीएसएमए पेटला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन केंद्रांपुरती मंजुरी मिळाली. मुंबई-पुण्यात कॅन्सरच्या रुग्णांना आता तो ओळखीचा झाला आहे. तो आजाराला चिकटतो, म्हणून वाचायला सोपा. हाडांतला पसारा एकाच तपासणीत दिसतो. चोवीस तास थांबावं लागत नाही.

पण लहान ग्रंथींचा प्रश्न त्याने संपवलेला नाही. मंजुरीला आधार ठरलेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात २७७ जणांचं पीएसएमए पेटनंतर ऑपरेशन झालं. ७५ जणांच्या ग्रंथींत कॅन्सर निघाला आणि पेटने त्यांतले ४० टक्केच आधी दाखवले होते. जे दाखवलं ते मात्र बहुतेक खरं निघालं. या ४० टक्क्यांची डच अभ्यासातल्या ८२ टक्क्यांशी (६१ पैकी ५०) थेट तुलना करू नये, रुग्ण वेगळे आणि काळही वेगळा. पण पेट यंत्राची नजर काही मिलिमीटरच्या खाली धूसर होते हे भौतिकशास्त्राचं बंधन आहे, आणि नेमक्या त्याच मापात लोहकण काम करत होते.

याचा अर्थ रुग्णासाठी काय होतो हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एका चाचणीतून दिसतं. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २२४ रुग्ण, ग्रंथींत पसरण्याचा धोका मोठा पण तपासणीत ग्रंथी स्वच्छ. त्यांपैकी बहुतेकांचा पीएसएमए पेट झालेला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला फक्त प्रोस्टेटवर रेडिएशन दिलं, दुसऱ्याला ओटीपोटातल्या ग्रंथींवरही. पाच वर्षांनी पीएसए, म्हणजे आजार परतल्याची खूण देणारं रक्तातलं प्रथिन, पुन्हा न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात ८१.२ टक्के होते, दुसऱ्यात ९५ टक्के. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता, आणि जास्त भागाला रेडिएशन दिल्याने मूत्रमार्गाचे त्रासही वाढले होते. मी या निकालाचा अर्थ असा लावतो की 'ग्रंथी स्वच्छ' असा अहवाल मिळालेल्यांपैकी काहींच्या ग्रंथींत आजार होता, स्कॅनला तो दिसला नाही, आणि आंधळेपणाने दिलेल्या रेडिएशननेच तो गाठला. ज्यांच्या ग्रंथी खरोखर स्वच्छ होत्या त्यांनीही तेच रेडिएशन सोसलं.

त्या दोघांना वेगळं ओळखता येणं, हीच फेरुमॉक्सट्रानची जागा. पेटवर जी ग्रंथी चमकली तिचा निकाल लागलेला असतो. जी चमकली नाही ती काळी पडते की उजळ राहते, हे दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयवर पाहायचं. युरोपातली चाचणी प्रोस्टेट कॅन्सरपुरता नेमका, आखूड प्रश्न घेऊन हाती घेतली गेली, आणि तिचं उत्तर काहीही असलं तरी टाटामधल्या त्या २२४ जणांसारख्या रुग्णांना ते उपयोगी पडेल.